दर्शनं वाचायची तर पूर्वपक्षासकट

आपल्या दर्शनांचा अभ्यास करावा म्हणून मनापासून पुस्तकं जमवणारे वाचक मराठीत कमी नाहीत. कपाटात विष्णुशास्त्री बापटांनी मराठीत आणलेली भाष्यं असतात, धर्मानंद कोसंबींचं ‘भगवान बुद्ध’ असतं, श्रीनिवास दीक्षितांचं ‘भारतीय तत्त्वज्ञान’ असतं आणि ज्ञानेश्वरी तर घरातच असते. वाचनही नेमाने चालतं. तरीही वर्ष-दोन वर्षांनी यांतले बरेच जण एकच तक्रार घेऊन येतात : सगळंच पटतं. शंकराचार्य वाचले की जग मिथ्या वाटतं, रामानुज वाचले की तेच जग खरं वाटू लागतं, अभिधम्म वाचला की ‘मी’ म्हणून कुणी उरतच नाही. पण या तिघांचं आपसांत कुठे बिनसलं आणि का, हे विचारलं तर सांगता येत नाही.

यात बुद्धीची उणीव नाही, वाचायची रीत चुकलेली असते. हे ग्रंथ भर वादात लिहिले गेले. प्रत्येक परिच्छेदासमोर हरकत घेणारा कुणीतरी बसलेला आहे (त्याची बाजू म्हणजेच पूर्वपक्ष) आणि ग्रंथकार त्याला उत्तर देतो आहे. त्या हरकत घेणाऱ्याला वगळून आपण नुसतं उत्तर वाचतो. प्रश्नच ऐकला नसेल तर कुठलंही उत्तर पटतं. म्हणून या लेखात नुसती पुस्तकांची यादी न देता मी एक गाव दाखवणार आहे आणि त्या गावाच्या आधाराने अभ्यास कसा लावायचा ते सांगणार आहे. ते गाव म्हणजे तमिळनाडूतलं कुंभकोणम.

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधोमध हे गाव आहे. लोक तिथे नवग्रहांच्या यात्रेला जातात, महामहम तळ्यावर स्नानाला जातात. दर्शनांच्या अभ्यासकाने जायचं ते दुसऱ्या कारणासाठी. एवढ्याशा टापूत इतकी दर्शनं जिवंत असलेली दुसरी जागा मला माहीत नाही. कांची कामकोटी पीठ अठराव्या शतकात कांचीहून इथे हललं आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्याचा कारभार इथूनच चालला. 1895 मध्ये इथेच अद्वैत सभा स्थापन झाली. द्वैत मताचे मोठे पंडित विजयींद्रतीर्थ यांचं वृंदावन याच गावात आहे आणि मंत्रालयाचे राघवेंद्रस्वामी पूर्वाश्रमात इथेच सुधींद्रतीर्थांच्या हाताखाली शिकले. शार्ङ्गपाणीचं देऊळ हे विशिष्टाद्वैताच्या इतिहासातलं एक मूळ ठिकाण आहे. पंधरा-वीस किलोमीटरच्या आसपास तिरुवावडुदुरैचा आणि तिरुप्पनंदाळचा असे शैव सिद्धांताचे मोठे मठ आहेत. गावात जैनांची वस्ती आणि देऊळ आहे. आणि मठाच्या रस्त्यावरच्या भगवत विनायकाच्या देवळात एक जुनी बुद्धमूर्ती बसलेली आहे. ज्ञानेश्वरीच्या आरंभीच्या गणेशरूपकात सहा दर्शनांचे सहा हात आहेत आणि खंडित बौद्धमताचा मोडका दात त्यांतल्याच एका हाती दिला आहे. ते रूपक ज्यांच्या तोंडी आहे त्यांनी हा गणपती आणि त्याच्या आश्रयाचा बुद्ध अवश्य पाहावा.

मराठी माणसाला हे गाव परकं वाटायचं कारण नाही. एकोजीराजांनी तंजावर घेतल्यापासून 1855 पर्यंत हा मुलूख भोसल्यांचा होता. ‘दबीर’ हे मराठी दरबारातलं पद इथल्या एका रस्त्याच्या नावात अजून आहे. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव 1828 मध्ये याच गावात एका मराठी घरात जन्मले.

आता मूळ मुद्दा. सोळाव्या शतकात तंजावरच्या सेवप्पा नायकाच्या दरबारात अप्पय्य दीक्षित आणि विजयींद्रतीर्थ समोरासमोर होते. एक अद्वैती आणि शिवभक्त, दुसरा माध्व म्हणजे द्वैती संन्यासी. अप्पय्य दीक्षितांनी माध्वमताच्या खंडनासाठी ‘मध्वतंत्रमुखमर्दन’ लिहिलं. विजयींद्रांनी त्याला उत्तर म्हणून ‘मध्वतंत्रमुखभूषण’ लिहिलं. दीक्षितांचा ‘उपक्रमपराक्रम’ आला, तेव्हा विजयींद्रांचा ‘उपसंहारविजय’ आला. ही नावं नुसती खटकेबाज नाहीत. या शेवटच्या जोडीतला वाद आपल्या रोजच्या वाचनाला लागू पडणारा आहे. एखाद्या उताऱ्याच्या सुरुवातीला एक म्हटलं आहे आणि शेवटी त्याच्याशी न जुळणारं दुसरंच म्हटलं आहे. मग अर्थ लावताना वजन कशाला द्यायचं? दीक्षित म्हणतात, सुरुवातीला. कारण आरंभीचं वाक्य कानी पडतं तेव्हा त्याला विरोध करणारं काहीच आलेलं नसतं, त्याचा अर्थ मनात पक्का बसतो आणि पुढच्याने त्याच्याशी जुळवून घ्यायचं. विजयींद्र म्हणतात, शेवटाला. बोलणाऱ्याचा निर्णय शेवटीच कळतो. उपनिषदातला कुठलाही वादग्रस्त उतारा घ्या आणि आधी एका नियमाने, मग दुसऱ्या नियमाने वाचून बघा. ‘तत्त्वमसि’वर दोन आचार्य दोन दिशांना का जातात, याचं निम्मं कोडं असल्या नियमांतच उकलतं.

अप्पय्य दीक्षितांची आणखी एक गोष्ट मला अभ्यासकासाठी त्याहून मोलाची वाटते. त्यांनी ‘चतुर्मतसारसंग्रह’ लिहिला. त्यात अद्वैत, श्रीकंठांचं शिवाद्वैत, रामानुजमत आणि माध्वमत ही चारही मतं त्या-त्या मताच्या माणसाला मान्य होतील अशा शब्दांत मांडली आहेत. ज्याच्या मताचं खंडन करण्यात हयात घालवली, त्याचं म्हणणं आधी त्याच्याच तोंडून वदवून घेतलं. सेवप्पा नायकाच्या 1580 च्या एका दानलेखात अप्पय्य, विजयींद्र आणि वैष्णव ताताचार्य या तिघांचा यज्ञातले तीन अग्नी म्हणून एकत्र गौरव आहे. राजाने तिघांतून एकाची निवड केली नाही.

तेव्हा पहिली सूचना अशी, की ग्रंथ कधी एकटा घेऊ नका, जोडीने घ्या. अद्वैताचा एक छोटा ग्रंथ घेतलात तर त्याच प्रश्नावर त्याला विरोध करणारा एक छोटा ग्रंथ शेजारी ठेवा. अद्वैतासाठी ‘वेदांतपरिभाषा’ घ्या. तिचे कर्ते धर्मराजाध्वरींद्र याच कावेरीकाठच्या कंडरमाणिक्कम गावचे, सतराव्या शतकातले. प्रमाणं किती आणि ज्ञान कसं होतं यापासून त्यांनी अद्वैत बांधत आणलं आहे. तिच्यासमोर विशिष्टाद्वैताची ‘यतींद्रमतदीपिका’ ठेवा. पुण्याच्या आनंदाश्रमाने ती वासुदेवशास्त्री अभ्यंकरांच्या टीकेसह छापली आहे. द्वैतासाठी जयतीर्थांची ‘प्रमाणपद्धती’. जैनांसाठी उमास्वातींचं ‘तत्त्वार्थसूत्र’. बौद्ध प्रमाणशास्त्रासाठी धर्मकीर्तींचा ‘न्यायबिंदू’. सगळे एकदम आणू नका, दोनच निवडा. ‘सर्वदर्शनसंग्रह’ जरूर वाचा, अभ्यंकरांची भांडारकर संस्थेने 1924 मध्ये छापलेली आवृत्ती उत्तम आहे, पण तो ग्रंथ अद्वैत्याने लिहिला आहे हे विसरू नका. त्यात चार्वाकापासून पुढची सगळी दर्शनं शंकराचार्यांकडे नेणाऱ्या पायऱ्यांसारखी लावलेली आहेत. दुसऱ्या घरची माणसं त्यांच्या घरी वेगळी दिसतात.

जोडीचे ग्रंथ हाती आल्यावर वाचायचं कसं? यासाठी मी सर्वांना एकच सराव सांगतो. एक वही घ्या आणि एकच प्रश्न प्रत्येक दर्शनाच्या दारी घेऊन जा. प्रश्न आपला वापरायचा नाही, त्यांचाच घ्यायचा. सर्वात चांगला प्रश्न शिंपल्यातल्या चांदीचा आहे. वाळूत शिंपला पडला आहे, लांबून चमकला, तुम्हाला वाटलं चांदी आहे. वाकून पाहिलं तर शिंपला. मघाशी दिसली ती चांदी काय होती?

नैयायिक म्हणतो, चांदी खरीच आहे, पण सराफाच्या दुकानात. संस्काराच्या जोरावर ती तुम्हाला इथे भासली. प्रभाकराच्या परंपरेतला मीमांसक म्हणतो, चुकीचं ज्ञान नावाची वस्तूच नाही. तुम्हाला ‘हे’ दिसलं आणि ‘चांदी’ आठवली, ही दोन खरी ज्ञानं होती, फक्त त्यांतला भेद लक्षात आला नाही. अद्वैती म्हणतो, ती चांदी खरी असती तर नाहीशी झाली नसती आणि अजिबात नसती तर दिसली नसती. म्हणजे ती ‘आहे’ही म्हणता येत नाही, ‘नाही’ही म्हणता येत नाही. रामानुज म्हणतात, तुम्ही पाहिलंत ते खरंच होतं. पंचीकरणामुळे, म्हणजे पाचही भूतं एकमेकांत मिसळलेली असल्यामुळे, शिंपल्यात चांदीचे अंश आहेतच, पण ते इतके थोडे की व्यवहाराला उपयोग नाही. माध्व म्हणतो, उगाच आडवळणं नकोत, ती चांदी मुळीच नव्हती आणि जे मुळीच नाही तेही असल्यासारखं दिसू शकतं. योगाचार बौद्ध म्हणतो, बाहेर काही नव्हतंच, ज्ञानाचाच आकार बाहेर आहे असं वाटलं.

ही सहा मतं तुमच्या वहीत तुमच्या शब्दांत उतरली की एक गंमत कळते. शिंपल्याच्या आडून हे सगळे जगाबद्दल बोलत आहेत. अद्वैत्याला शिंपल्यावर ‘आहेही नाही, नाहीही नाही’ म्हणायला मुभा दिली की तो तेच शब्द सगळ्या विश्वाला लावणार. हे ओळखूनच रामानुजीय आणि माध्व शिंपल्यापाशीच त्याला अडवतात. या जागी आल्यावर मग कुठल्याही मताचा मोठा ग्रंथ उघडा. लढाई कुठे चालली आहे ते दिसू लागतं. वहीत दोन नियम पाळा. एक, प्रत्येक मत त्याच्या अनुयायाने मान डोलवावी असं लिहा, मगच त्यावरची हरकत लिहा. दुसरा, ‘शेवटी सगळे एकच सांगतात’ हे वाक्य वहीत लिहायचं नाही. कदाचित सांगत असतीलही, पण ते ठरवण्याचा अधिकार त्यांचा वाद समजून घेतल्यावरच येतो.

मराठी वाचकाला या सरावाची एक घरची जोडही देता येते. ‘अमृतानुभवा’चं सातवं प्रकरण अज्ञानाच्या खंडनाचं आहे. अद्वैत वेदांती ज्या अज्ञानावर जगाचा पसारा उभा करतात, त्या अज्ञानालाच ज्ञानेश्वर जागा ठेवत नाहीत. ‘वेदांतपरिभाषा’ वाचून झाल्यावर हे प्रकरण पुन्हा वाचा. मराठीत ओव्या म्हणून गोड वाटणारा मजकूर केवढा कडक वाद आहे, हे तेव्हा ध्यानात येईल.

तयारी किती हवी, असं विचारतात. कुंभकोणमला जायच्या आधी घरी एक वर्ष तरी द्यावं. संस्कृत इतकं हवं, की संधी फोडून साधं गद्य कोशाच्या मदतीने वाचता यावं. काव्यातली करामत नसली तरी चालेल, शास्त्रीय गद्याचे शब्द थोडे आणि ठरलेले असतात. त्या वर्षात अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ त्यांच्याच ‘दीपिके’सह कुणाकडून तरी शिकून घ्या. ‘शिकून’ म्हणालो, ‘वाचून’ नाही. आठवड्यातून एक तास मिळाला तरी पुरतो. पक्ष, हेतू, साध्य, व्याप्ती हे शब्द एकदा हाताशी आले की अद्वैती, माध्व, जैन, सगळे एकाच भाषेत भांडताना ऐकू येतात. अथल्ये आणि बोडस यांनी 1897 मध्ये काढलेली ‘तर्कसंग्रहा’ची आवृत्ती अजून पुण्यात छापली जाते. शब्द अडला की भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ उघडा. मीमांसेपुरतं वाईच्या केवलानंद सरस्वतींचा ‘मीमांसाकोश’ आहे. हे दोन्ही ग्रंथ एकेका पंडिताने एकहाती उभे केले. आपण निदान ते हाताळावेत.

तमिळ येत नसेल तर? पंडितांशी संस्कृतात बोलता येतं, मोडकंतोडकं असलं तरी ते सांभाळून घेतात. पण शैव सिद्धांत तमिळशिवाय अर्धा राहतो. मेयकंडारांच्या तेराव्या शतकातल्या ‘शिवज्ञानबोधा’ची बारा सूत्रं, त्यांचे शिष्य अरुळनंदी यांचा ‘शिवज्ञानसिद्धियार’, ही सगळी रचना तमिळ आहे. ‘सिद्धियार’चा पहिला भाग तर ‘परपक्षम्’ म्हणजे निव्वळ इतर मतांचं खंडन आहे. ज्यांना महिनाभर राहायचं आहे त्यांनी निदान तमिळ लिपी आणि बोलण्यापुरती भाषा शिकूनच गाडीत बसावं.

आता माणसांकडे जाण्याविषयी. याचा धडा कुंभकोणमच्या कॉलेजातल्या एका तमिळ पंडिताने घालून दिला आहे. उ. वे. स्वामिनाथ अय्यर 1880 मध्ये तिथल्या सरकारी कॉलेजात तमिळ शिकवायला आले. तिरुवावडुदुरैच्या मठात मीनाक्षिसुंदरम पिळ्ळै यांच्यासारख्या गुरूंपाशी घडलेले. त्याच वर्षी गावात मुन्सफ म्हणून आलेल्या रामस्वामी मुदलियारांनी त्यांना विचारलं, काय काय वाचलंत? अय्यरांनी लांबलचक यादी सांगितली. मुदलियारांवर तिचा काही परिणाम झाला नाही. ‘जीवकचिंतामणी’ वाचलं आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. वाचलं नव्हतं. हस्तलिखित मिळवून अय्यर वाचू लागले, तर ते जैन काव्य निघालं आणि जागोजाग त्यांना अर्थ लागेना. शब्द कळत होते, पण त्यामागचा जैन विचार घरच्या शिक्षणात कधी आलाच नव्हता. तेव्हा हा शैव घरातला ब्राह्मण अध्यापक कुंभकोणमच्याच जैन गृहस्थांच्या दारी गेला. त्या घरांत ‘चिंतामणी’ अजून भक्तीने वाचलं जात होतं. त्यांच्याकडून शंका फेडून घेऊन अय्यरांनी 1887 मध्ये ग्रंथ छापला.

पुढे बौद्ध काव्य ‘मणिमेखलै’ हाती घेतलं तेव्हा अडचण मोठी होती, कारण विचारायला गावात बौद्धच नव्हते. मग बौद्ध धर्मावरचे इंग्रजी ग्रंथ वाचणाऱ्या मळूर रंगाचार्य या सहकाऱ्याकडून त्यांनी एकेक कल्पना समजून घेतली आणि 1898 मध्ये तोही ग्रंथ आणला. जिवंत माणूस असेल तर माणसाकडे जा, नसेल तर जिथे ती परंपरा टिकली तिथल्या ग्रंथाकडे जा, मग तो कुठल्याही भाषेत असो.

‘मणिमेखलै’चं सत्ताविसावं प्रकरण मला दर्शनांच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात द्यावंसं वाटतं. नायिका वंजी नगरात वैदिक, शैव, वैष्णव, आजीवक, निर्ग्रंथ, सांख्य, वैशेषिक, भूतवादी अशा एकेका मताच्या आचार्याकडे जाते, त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकते आणि पुढे निघते. नंतर कांचीला जाऊन बौद्ध तर्कशास्त्र शिकते. आणि हे सगळं करता यावं म्हणून ती पुरुष तपस्व्याचं रूप घेते, कारण तरुण स्त्रीला हे आचार्य शिकवणार नाहीत.

ही अडचण त्या काव्याबरोबर संपली नाही. गोविंद दीक्षितांनी 1542 मध्ये स्थापन केल्याचं सांगतात ती राजा वेद काव्य पाठशाळा कुंभकोणमला अजून चालते. पण अशा पाठशाळांचं शिक्षण परंपरेने ब्राह्मण मुलग्यांपुरतंच राहिलं आहे. याचं समर्थन मी करणार नाही. विचाराच्या दाराला जातीची आणि लिंगाची कडी लावून त्या विचाराचंच नुकसान झालं आहे. तरीही वाचक मुलींना आणि इतर सर्वांना सांगेन, की पाठशाळेच्या दारावरून परत फिरू नका. शास्त्र घरी शिकवणारे, विद्यापीठांत शिकवून निवृत्त झालेले पंडित कुणालाही शिकवताना मी पाहिले आहेत. शैव मठांची परंपरा ब्राह्मणेतर आचार्यांची आहे आणि तिरुवावडुदुरैच्या मठातर्फे शैव सिद्धांताचे वर्ग तमिळनाडूत गावोगावी चालतात.

भेटीला जाताना हात हलवत जाऊ नका, पण फळांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे पान नक्की करून जा. ‘मला वेदांत समजावून सांगा’ म्हणणाऱ्याला शास्त्री चार गोड वाक्यं सांगून, कॉफी पाजून निरोप देतात. त्याऐवजी ग्रंथ उघडा, ओळीवर बोट ठेवा आणि म्हणा, इथे ‘च’ कशासाठी आहे? लगेच माणूस बदलतो. मांडी ठोकून बसतो, घरातून आणखी दोन पोथ्या मागवतो. स्मार्तांच्या घरी ‘शास्त्रिगळ्’ म्हणावं, श्रीवैष्णवांकडे ‘स्वामी’ म्हणावं, शैव मठातल्या साधूंना ‘तंबिरान’ म्हणतात. मठात धोतर किंवा साडी बरी, फोन पिशवीत ठेवावा. ध्वनिमुद्रण करायचं असेल तर विचारून. आणि एका पंडिताकडे दुसऱ्याच्या मताची तारीफ करायला कचरू नका. पूर्वपक्ष नीट मांडणारा विद्यार्थी त्यांना हवाच असतो. वाक्यार्थ सभा चालू असेल तर मागे बसून ऐकाच. एक विद्वान एका ओळीवर पक्ष मांडतो, समोरचे मधेच अडवतात, आवाज चढतात, आणि सभा संपल्यावर तेच लोक एका पंगतीला बसतात. अर्धं कळलं नाही तरी शास्त्र कुठल्या लयीत चालतं ते कानांना कळतं.

ग्रंथाने दिलेल्या खुणेचा माग काढायचा असतो, हेही या गावच्या आख्यायिकेतून शिकावं. नवव्या-दहाव्या शतकातले नाथमुनी वीरनारायणपुरात राहत. यात्रेकरूंच्या तोंडून त्यांनी कुंभकोणमच्या शार्ङ्गपाणीवरची, वैष्णव संतकवी नम्माळ्वारांची दहा पदं ऐकली. शेवटच्या पदात ही हजारांतली दहा असल्याचा उल्लेख होता. ऐकणाऱ्या सर्वांनी तो ऐकला होता. उरलेली नऊशे नव्वद कुठे आहेत, हे नाथमुनींनी विचारलं. ते कुंभकोणमला आले, तिथून नम्माळ्वारांच्या गावी गेले आणि चार हजार पदांचं ‘दिव्यप्रबंध’ एकत्र आलं, असं परंपरा सांगते. त्यांचे नातू यामुनाचार्य आणि यामुनांच्या पाठोपाठ रामानुज. ग्रंथात ‘कुणी एक म्हणतात’ असं दिसलं की हे ‘कुणी एक’ कोण, याचा शोध घ्यायची सवय लावा.

असा शोध पुष्कळदा देशाबाहेर नेतो. याच कावेरीच्या काठी पाचव्या शतकात बुद्धदत्तांनी ‘अभिधम्मावतार’ लिहिला, आणि तो जपला श्रीलंकेने आणि ब्रह्मदेशाने. नागपट्टणमला श्रीविजयाच्या राजाने अकराव्या शतकाच्या आरंभी विहार बांधला होता. तिथल्या जुन्या मनोऱ्याचे अवशेष 1867 पर्यंत उभे होते. वैशेषिकांचा ‘दशपदार्थशास्त्र’ हा ग्रंथ संस्कृतात उरलाच नाही, युआन श्वांगने 648 मध्ये केलेल्या चिनी भाषांतरातच तो आहे. पाली ‘विसुद्धिमग्गा’च्या आधीचा ‘विमुत्तिमग्ग’ पूर्ण रूपात चिनीतच टिकला आणि त्या दोहोंची तुलना पुण्याच्या पु. वि. बापटांनी 1937 मध्ये प्रसिद्ध केली. बौद्ध पूर्वपक्ष फक्त वेदांत्यांच्या पुस्तकांतून वाचला तर तो दुबळाच दिसणार. निदान कोसंबींच्या मराठीतून तरी त्याचं स्वतःचं म्हणणं ऐका. गोव्याहून 1899 मध्ये घर सोडून सिंहल आणि ब्रह्मदेशापर्यंत गेलेला हा माणूस तेच शोधायला गेला होता.

कुंभकोणमच्या मुक्कामातला एक दिवस तिरुविसनल्लूरसाठी राखा. गावापासून ते आठ-एक किलोमीटरवर आहे. एकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे यांनी 1693 मध्ये हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना अग्रहार म्हणून दिलं. शहाजीराजपुरम हे त्याचं दुसरं नाव. ‘पतंजलिचरित’ लिहिणारे रामभद्र दीक्षित इथलेच. सदाशिव ब्रह्मेंद्रांचं नावही या गावाशी जोडलेलं आहे. योगसूत्रांवरचा त्यांचा ‘योगसुधाकर’ नवशिक्यालाही झेपणारा आहे. इथल्या श्रीधर अय्यावाळांची कथा मराठी माणसाला ऐकताच ओळखीची वाटेल. श्राद्धाच्या दिवशी त्यांनी भुकेल्या अस्पृश्याला जेवू घातलं, गावाने प्रायश्चित्त म्हणून गंगास्नान सांगितलं आणि त्यांच्या विहिरीत गंगा आली. कार्तिगै महिन्यातल्या अमावास्येला लोक आजही त्या विहिरीच्या पाण्याने न्हातात. पैठणच्या एकनाथांचं नाव तिथे सहज काढून बघा. जवळच्या गोविंदपुरमला विठ्ठल-रखुमाईचं मराठी धाटणीचं देऊळ आहे, ते वाटेवरच पडतं.

तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय चाळीस किलोमीटरवर आहे. तिथे नुसतं पाहुण्यासारखं गेलात तर काचेच्या कपाटातली चित्रं पाहून परत याल. घरून ग्रंथाचं नाव आणि छापील सूचीतला क्रमांक काढून नेला आणि संस्थेचं किंवा प्राध्यापकाचं ओळखपत्र सोबत ठेवलं, तर काम सोपं होतं. संस्कृत पोथ्या पुष्कळशा ग्रंथ लिपीत आहेत. देवनागरी येणाऱ्याला ही लिपी काही आठवड्यांत बसते, कारण वर्णमाला तीच आहे. जोडाक्षरांची मांडणी तेवढी सवयीने येते. तिथला मराठी संग्रहही हजारोंनी आहे, त्यात समर्थांच्या तंजावर-मन्नारगुडीकडच्या मठांतलं लेखन आहे आणि ते हाताळणारी माणसं फारच थोडी आहेत. ज्याला संस्कृत वेदांत, मराठी आणि थोडं तमिळ येतं अशा तरुणाने पुढच्या दहा वर्षांचं काम म्हणून तिकडे पाहावं.

जायचं ते डिसेंबर ते फेब्रुवारीत. एप्रिल-मेमध्ये उकाडा सोसत नाही आणि कावेरीत वाळूच दिसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे आपल्याकडच्या आषाढासारखा पाऊस असतो. मुक्काम देवळांजवळच्या साध्या लॉजमध्ये करावा, म्हणजे पहाटे पाठ ऐकायला जाता येतं आणि दुपारी, मंडळी विश्रांती घेतात त्या वेळी, वही लिहिता येते. मात्र 2028 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अभ्यासासाठी जाऊ नका. बारा वर्षांनी येणारं महामहम आहे. गावात पाय ठेवायला जागा नसेल आणि शास्त्र्यांना बोलायला सवड नसेल.